आधी पैसे, मग झाकण

माणसाची किळस कशी येते हे बघायचं असेल ना, तर पेट्रोल पंपावर उभं राहा. मी सहा वर्षं उभी आहे. नांदेडहून लातूरकडं निघालं की किशनरावांचा पंप लागतो, तिथं. अंगात पंपाचा निळा शर्ट, डोक्याला टोपी, तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे. ऊन बी आणि पेट्रोलचा वास बी, दोन्ही तोंडावर कोण घेणार? नाव माझं सौदामिनी. वडील शाळामास्तर होते, त्यांनी हौसेनं ठेवलं. पंपावरचे लोक ताई म्हणतात, गिऱ्हाईक "ए बाई" म्हणतात.

पैसे न देता पळणारे गरीब असतात असं वाटत असेल, तर ते आधी डोक्यातून काढून टाका. गरीब माणूस साठ रुपयांचं पेट्रोल टाकतो आणि नळी उचलायच्या आत चिल्लर हातावर ठेवतो. पळतो तो इस्त्रीवाला. गळ्यात चेन, हातात मोठा मोबाईल, आणि त्या मोबाईलवर मागच्या महिन्यातल्या पेमेंटचा फोटो. "बघ, गेले पैसे." अरे, डबा बोलला का? पैसे आले की बोलणारा डबा ठेवलाय ना तिथं, तो काय शोभेला? एक नवरा-बायको तर असे आले की आजवर विसरले नाही. बायकोनं मांडीवरचं बाळ पुढं केलं. "बघा ना ताई, कसं हसून राहिलं." मी मेली बाळाकडं बघून हसले, आणि तेवढ्यात ह्यानं मोटारसायकल पिळली. तीनशे रुपयांसाठी पोटचं लेकरू पुढं करतेत. थू! मी खरंच थुंकले होते त्या दिवशी.

आणि गेलेले पैसे कुणाचे? किशनरावांचे नाहीत. ज्याच्या हातात नळी, त्याच्या पगारातून कापायचे. माझा पगार साडेनऊ हजार.

आमचा मॅनेजर महादेवप्पा, उदगीरकडचा. माणूस सरळ. त्यानं लई उपाय केले. पाटी लावली, कुणी वाचली नाही. मग कॅमेऱ्यातले चार चेहरे काढून मोठा फ्लेक्स लावला, "यांनी पैसे दिले नाहीत." तो फ्लेक्स अर्धा दिवस टिकला. त्यातला दुसरा चेहरा निघाला कुण्या पुढाऱ्याचा पुतण्या. दहाजण घेऊन आला, दमदाटी केली, फ्लेक्स फाडला. आठ दिवसांनी त्याच चौकटीवर त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, "युवकांचे आशास्थान." जिथून चोरून पळाला तिथंच महिनाभर हात जोडून उभा होता मेला. मी रोज त्याच्याकडं पाठ करून पेट्रोल भरायची.

शेवटी महादेवप्पानं एक साधी युक्ती काढली. झाकण. टाकी उघडली की झाकण आपल्या खिशात. नव्या गाड्यांची झाकणं पट्टीला लटकलेली असतेत, त्यांच्यापुढं एक माणूस उभा करायचा. पण पट्टी तुटलेली असली, गाडी जुनी असली, तर झाकण थेट खिशात. रोख हातात येईस्तोवर नाहीतर डबा बोलेस्तोवर द्यायचं नाही. "आधी पैसे, मग झाकण," तो रोज सकाळी म्हणायचा. हसू नका, ह्या युक्तीनं पळणारे निम्मे झाले. चोराला दुसऱ्याच्या पैशाची फिकीर नसते, स्वतःच्या झाकणाची असते.

आता घरचं सांगते. आम्ही नांदेडच्या सिडकोत राहतो. आमचे हे, वसंतराव, विनाअनुदानित शाळेत क्लार्क. अनुदान आज येतंय, उद्या येतंय करता करता डोक्यावरचे केस गेले, अनुदान काही आलं नाही. म्हणून मी पंपावर. लेक वैष्णवी फार्मसी शिकली, मेडिकलवर कामाला जाते. सत्ताविसावं लागलंय. सहा स्थळं येऊन पोहे खाऊन गेली. "आई काय करते?" म्हणून विचारायचे, "पंपावर" म्हणलं की चमचा खाली ठेवायचे.

म्हणून ह्या वेळी वसंतरावांनी बायोडाट्यात लिहिलं, "आई – ऑइल कंपनीत नोकरी."

"हे काय लिहिलं?" मी म्हणलं.

"खोटं कुठं आहे? तेल कंपनीचंच असतंय ना?"

मी गप्प बसले. लेकीसाठी बसले. चूक झाली, पण तेव्हा चूक वाटली नाही.

सातवं स्थळ आलं ते कंधारचं. हणमंतराव. किराणा मालाचं मोठं दुकान, दोन मजली घर, पतसंस्थेत संचालक. पोरगा मृत्युंजय, लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. हणमंतराव आमच्या पलंगावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, मानपान नको. माणसं सच्ची पाहिजेत बस. लबाडीचा एक रुपया आजवर माझ्या उंबऱ्याच्या आत आला नाही." वर मला विचारलं, "विहीणबाई, तुमच्या ऑफिसात एसी असंल?" मी म्हणलं, "हाव." सहा वर्षं डांबरावर उभी राहिलेली बाई मी, एसी आहे म्हणाले.

पोरगा मात्र मला आवडला. पोहे खाल्ल्यावर ताटली स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली. तेवढ्यावर मी विरघळले. वैष्णवी तर काय, रोज तास तास फोनवर. पोरीच्या तोंडावर हसू कधी बघितलं होतं मी शेवटचं, आठवत नव्हतं. येत्या रविवारी सुपारी फोडायची ठरली.

आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी दोनच्या उन्हात, पांढरी गाडी माझ्यापुढं येऊन थांबली. चालवायला मृत्युंजय, बाजूला हणमंतराव. स्कार्फ होता तो अजून वर ओढला, टोपी खाली घेतली.

"टाकी फुल कर गं," हणमंतराव म्हणाले. कर गं! तीन आठवड्यांपूर्वी ह्याच तोंडातून विहीणबाई निघालं होतं. खायचे दात वेगळे म्हणतेत ते असं.

गाडी जुनी, झाकणाची पट्टी तुटलेली. मी सवयीनं झाकण काढलं, खिशात टाकलं आणि डिझेल भरलं. दोन हजार आठशे सत्तर झाले. हणमंतरावांनी खिडकीतून मोबाईल बाहेर धरला. हिरवी खूण दिसली, तारीख अंगठ्याखाली झाकलेली. डबा काही बोलला नाही. मला तोंड उघडायची सोय नव्हती, आवाज ओळखला असता. नुसतं डब्याकडं बोट दाखवलं.

"तुझा डबा बहिरा हाय, त्याला आम्ही काय करावं?"

मृत्युंजय हळूच म्हणाला, "अण्णा, गेले नाहीत वाटतं. मी कॅश देऊ का?"

"चल रे! पंपवाले मापात कमी मारतेत का? ही बाई काय करती? चल म्हणलं ना."

पोरानं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, डोळ्यात डोळा घालून. ओळखलं नाही त्यानं, पण समोर एक बाई उभी आहे आणि हे पैसे तिच्या अंगावर येणार आहेत, एवढं त्याला कळलं होतं. मग त्यानं मान खाली घातली, गिअर टाकला आणि गाडी काढली. पळायच्या घाईत झाकणाची आठवण बी दोघांना राहिली नाही.

एरवी मी अशी ओरडते की विष्णुपुरीच्या धरणापर्यंत ऐकू जावं. गाडीला आडवी पडते. त्या दिवशी तोंडातून हूं का चूं निघालं नाही. ऑइल कंपनीतली नोकरी उघडी पडेल म्हणून! त्यांची किळस तर आलीच, पण माझी मला जास्त आली. स्कार्फच्या आत तोंड कडू झालं.

महादेवप्पा धावत आला. "ताई, ओरडली नाहीस?"

"घसा बसलाय."

"वळखीचे होते काय?"

"नाही."

"नंबर दिसतोय कॅमेऱ्यात. चौकीत देऊ?"

"राहू द्या. माझ्या पगारातून कापा."

"चोराला पगार तू देतीस का ताई?" एवढंच बोलला आणि गेला. सहा वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले होते. झाकण खिशात तसंच राहिलं. घरी आणलं, पिशवीत गुंडाळून न्हाणीतल्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी कामाला गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "गिळ."

"काय गिळू?"

"तीन हजारासाठी पोरीचं लग्न मोडतीस का? लोक काय काय गिळतेत. मी बावीस वर्षं गिळूनच राहिलो ना? कुणाच्या घरी काय नसतंय? पोरगं चांगलं आहे."

"पोरगंच गाडी चालवत होतं."

"बाप बाजूला असल्यावर पोरगं काय करील?"

हेच तर मला चार दिवस खात होतं. बाप चोर असला तर असू द्या, लेक काही बापाबरोबर नांदायची नाही. पण सगळं कळून गाडी पळवणारा पोरगा? रात्री वैष्णवीचं फोनवरचं हसू भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मी पांघरूण डोक्यावर घ्यायची. शेवटी ठरवलं, गिळायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत, तो मीच माझ्या हातानं घ्यायचा ठरवला.

रविवारी अकराला पाहुणे आले. हणमंतराव, त्यांच्या बाई, मृत्युंजय आणि त्याचे काका. आमच्याकडून बिलोलीहून माझा भाऊ आलोक आलेला. ताट मांडलं होतं. हळद-कुंकू, नारळ, विड्याची पानं, आणि मधोमध सुपारी. मी इरकल नेसलेली. उदबत्ती लावली. सगळं नीट चाललं होतं हो. मी ओठ शिवून बसले होते.

आणि आलोकनं सहज विचारलं, "काय पाहुणे, गाडीच्या टाकीला फडकं कोंबलंय, झाकण पडलं का कुठं?"

मी वसंतरावांकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, गप.

हणमंतराव पुढं सरकून बसले. "अहो काय सांगू! मंगळवारी ह्याच लातूर रोडला डिझेल टाकलं. पैसे मोजून दिले, रोख! आणि त्या पंपावरच्या बाईनं झाकण ढापलं. आता झाकण काय खायचंय का तिला? पण सवय! तोंडाला फडकी बांधून उभ्या असतेत, चोट्ट्या कुठल्या. असल्या बायांना घरचं वळण नसतंय. चार माणसांत लाज वाटंल असलं काम घरच्या बायांना कोण करू देतं?"

त्यांच्या बाई "अग्गो बाई" म्हणाल्या. काका हसले. मी मृत्युंजयकडं बघितलं. म्हणलं, बोल रे बाबा. एक शब्द बोल. "अण्णा, जाऊ द्या" एवढं जरी म्हणलास तरी मी जन्मभर गप बसते. तो अंगठ्याचं नख खरवडत बसला होता. वर बघितलं, बापाकडं बघून जरासं हसला, आणि परत नखाकडं बघायला लागला.

ते हसू बघून मला जी शिसारी आली ना, ती त्या बाळ पुढं करणाऱ्या बाईचीही आली नव्हती.

मी उठले. स्वयंपाकघरात वैष्णवी चहा गाळत होती. नवी साडी, केसात गजरा. "आई, काय शोधतीस?"

"काही नाही. तू गाळ."

न्हाणीत गेले. पिशवी काढली. खुंटीवर माझा पंपावरचा स्कार्फ होता, तो तोंडाला बांधला, रोज बांधते तसा, नुसते डोळे उघडे. बाहेर आले, ताटातली सुपारी उचलून बाजूला ठेवली आणि तिथं झाकण ठेवलं. काळं, डिझेलनं माखलेलं. उदबत्तीच्या वर त्याचा वास गेला.

"बघा बरं," मी म्हणलं, "हीच का ती चोट्टी?"

हणमंतरावांचं तोंड उघडं ते उघडंच. ते झाकणाकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे. मृत्युंजयचा चेहरा पांढरा पडला. मी स्कार्फ सोडला.

पण माणूस बघा! एका मिनिटात सावरला. चोराच्या उलट्या बोंबा. "म्हणजे तुम्ही पंपावर... बायोडाट्यात तर ऑइल कंपनी लिहिलंय! आम्हाला फसवलं! वसंतराव, ही काय रीत झाली?"

वसंतराव खाली मान घालून बसले. मी म्हणलं, "हाव, फसवलं. ते खोटं आमचं, मी नाही म्हणत नाही. सहा वर्षं झाली, मी पंपावर पेट्रोल भरते. त्याची लाज वाटली म्हणून मंगळवारी ओरडले नाही, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटून राहिली. पण मी कुणाचे दोन हजार आठशे सत्तर बुडवून तुमच्या दारात आले नव्हते. तुम्ही आलात."

"काकू," मृत्युंजय उठून उभा राहिला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. "मला माहीत नव्हतं तुम्ही आहात ते. माहीत असतं तर मी—"

"तर दिले असते. माहीत आहे मला. आणि दुसऱ्या कुणाची आई असती तर?"

तेवढ्यात मागं कपांचा आवाज झाला. वैष्णवी दारात उभी होती, हातात ट्रे. कधीपासून उभी होती काय की. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, थेट त्याच्याकडं बघितलं.

"गाडी तुम्ही चालवत होता?"

"अण्णा म्हणाले, चल. मी म्हणलो होतो कॅश देतो म्हणून, पण अण्णा—"

"उद्या अण्णा म्हणाले, हिला माहेरी सोडून ये, तर?"

तो बापाकडं बघायला लागला. आत्तासुद्धा, बापाकडं! वैष्णवीनं ते बघितलं. वळली आणि ट्रे घेऊन आत गेली. सातही कप भरलेले तसेच होते.

"चला रे," हणमंतराव उठले. "असल्या घरात पाणी पिऊ नये." बाई उठल्या, काका उठले. दारापर्यंत गेले, आणि मग काय वाटलं काय की, हणमंतराव परत फिरले. लग्न मोडलं, सोयरीक गेली, चार माणसांत तोंड काळं झालं, आणि ह्या माणसाचा हात कुठं गेला सांगू? ताटातल्या झाकणावर.

मी वरून पंजा ठेवला. "आधी पैसे, मग झाकण."

"अहो, झाकण आमचं हाय!"

"डिझेल बी आमचं होतं."

आलोक उठून दाराशी उभा राहिला. हणमंतरावांनी पाकीट काढलं, पाचशेच्या सहा नोटा ताटात टाकल्या. मी घरखर्चाच्या डब्यातून एकशे तीस काढून परत दिले. आणि ह्या माणसानं ते मोजून घेतले. शंभराची नोट उजेडाला धरून बघितली! मग झाकण रुमालात गुंडाळून गेले. सोन्याची सुरी असली म्हणून उरात खुपसून घेत नाहीत, आणि ही तर पितळेची सुद्धा नव्हती.

गाडी गेल्यावर वसंतराव म्हणाले, "सातवं गेलं." आलोक उगीच उदबत्तीची राख गोळा करत बसला. मी आत गेले तर न्हाणीचं दार लावलेलं, नळ सोडलेला. नळाच्या आवाजातूनही कळतंच की. मी हाक मारली नाही. काय तोंडानं मारणार? लेकीचं हसू मीच पुसलं होतं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. गजरा काढलेला, डोळे सुजलेले. ते ताट उचललं, राख आणि साबण लावून घासायला बसली. एकदा घासलं, वास घेतला, परत घासलं. मी म्हणलं, "राहू दे गं, मी घासते." ती म्हणाली, "तू बस." घासून झाल्यावर हात पुसले, कपाटातून बायोडाट्याचे उरलेले कागद काढले आणि बापाच्या पुढं ठेवले.

"बाबा, आईच्या नावापुढं नीट लिहा."

"काय लिहू?"

"जे आहे ते. पेट्रोल पंपावर नोकरी. कोणता पंप, ते बी लिहा. ज्याला यायचं असेल तो आधी तिथं पेट्रोल भरून येईल."

वसंतरावांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडं पेन मागितला.